कंपासला तीन येत नाही

कागदावर दोन रेषा काढल्या की त्या कुठेतरी छेदतात. समांतर असल्या तरच नाही. यात नवल काही नाही. तिसरी रेषा मात्र नेमकी त्याच बिंदूतून जावी असं तिच्यावर कुणाचं बंधन नसतं. मनात येतील तशा तीन रेषा काढून बघा, मधोमध एक छोटा त्रिकोण उरतोच. आणि तरीही कुठलाही त्रिकोण घ्या, वाकडा, लांबुडका, जवळजवळ सपाट झालेला, त्याचे तिन्ही कोनदुभाजक एका बिंदूत येतात. तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक दुसऱ्या एका बिंदूत. मध्यगा तिसऱ्या, शिरोलंब चौथ्या. शाळेत ही चार विधानं आपण अशा घाईने पाठ करतो की आश्चर्य वाटायला सवडच मिळत नाही. मला ते वाटलं फार उशिरा, भूमितीचा आणि गुणांचा संबंध पुरता सुटल्यावर.

आता मी रचना काढते त्या निव्वळ हौसेपोटी. कोरा कागद, कंपास आणि पट्टी. पट्टीवरचे आकडे बघायचे नाहीत, कोनमापक हातात घ्यायचा नाही. पट्टीने दोन बिंदू जोडायचे आणि कंपासने एका बिंदूभोवती, दुसऱ्या बिंदूतून जाणारं वर्तुळ काढायचं. युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी घालून दिलेल्या या मर्यादा. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर काय काय उभं राहतं हे तर बघण्यासारखं आहेच, पण त्याहून बघण्यासारखी आहे ती जागा जिथे हे सगळं अडतं. ती चमत्कारिक जागा आहे. गुंतागुंत वाढली म्हणून काही अडत नाही. भलतीकडेच, अगदी साध्यासुध्या दिसणाऱ्या आकृतीशी अडतं.

प्रत्यक्ष काढायला बसलं की पहिला वैरी म्हणजे पेन्सिल. टोक जरा बोथट झालं की तीन कोनदुभाजकांच्या जागी तो नको असलेला छोटा त्रिकोण पुन्हा उगवतो, आणि अंतर्वर्तुळ दोन बाजूंना टेकतं, तिसरीला कापून पुढे जातं. हात बसला की कळतं की चूक बहुतेक वेळा रेषेत नसते, कंसांच्या छेदात असते. कंपास जेमतेम उघडून लंबदुभाजक काढला तर दोन कंस एकमेकांना घासत जातात आणि छेदबिंदू म्हणजे एक लांबट डाग होतो. त्यातला नेमका कुठला बिंदू धरायचा? कंपास थोडा जास्त उघडायचा, कंस एकमेकांना जवळजवळ काटकोनात कापतील असा. मग डागाचा ठिपका होतो. सपाट त्रिकोणाचं परिकेंद्र, म्हणजे लंबदुभाजकांचा छेदबिंदू, काढताना एवढ्यानेही भागत नाही, कारण तिथे लंबदुभाजकच एकमेकांना अगदी तिरपे भेटतात, तेही कागदाबाहेर.

लंबदुभाजक का भेटतात हे सांगायला एक वाक्य पुरतं. बाजू अब च्या लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू अ आणि ब पासून सारखा दूर असतो, बक च्या लंबदुभाजकावरचा ब आणि क पासून. जिथे हे दोन छेदतात तो बिंदू तिघांपासूनही सारखाच दूर, मग तिसरा लंबदुभाजक जाणार कुठे? कोनदुभाजकांचंही तसंच, फक्त अंतर बाजूंपासून मोजायचं. शिरोलंबांना असं सरळ उत्तर नाही. शिरोलंबावरचा बिंदू कशापासून सारखा दूर आहे? कशापासूनच नाही. तिथे एक देखणी युक्ती लागते. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढायची. या तीन रेषांचा एक मोठा, उलटा त्रिकोण होतो, आणि मूळ त्रिकोणाचे शिरोबिंदू त्याच्या बाजूंच्या बरोब्बर मध्यावर येतात. आता मूळ त्रिकोणाचे शिरोलंब पाहा: तेच मोठ्या त्रिकोणाचे लंबदुभाजक आहेत. म्हणजे शिरोलंब संपात हे मुळात दुसऱ्याच त्रिकोणाचं परिकेंद्र. युक्लिडच्या तेरा खंडांत अंतर्वर्तुळ आहे, परिवर्तुळ आहे, पण शिरोलंब एकत्र येतात हे प्रमेय नाही. ही युक्ती पाहिल्यावर मला ते फारसं खटकत नाही. तो बिंदू खरोखरच एक पायरी लांब आहे.

परिकेंद्र, मध्यगा संपात आणि शिरोलंब संपात हे तिघे एका रेषेत असतात. मध्यगा संपात मधे, परिकेंद्राच्या बाजूला, अंतरं एकास दोन. ही ऑयलर या गणितज्ञाच्या नावाची रेषा. तिचा नुसता पुरावा वाचण्यापेक्षा ती काढून बघावी: तीन वेगवेगळ्या रीतींनी मिळवलेले तीन ठिपके, आणि पट्टी लावली की तिघेही तिच्या कडेला. अंतर्मध्य, म्हणजे कोनदुभाजकांचा छेदबिंदू, मात्र समद्विभुज त्रिकोण सोडले तर या रेषेवर नसतो. तो आडवळणी आहे, पुढे तोच घोळ घालणार आहे.

आणखी एक वर्तुळ इथेच सांगून ठेवते, कारण त्याची गरज लागेल. तिन्ही बाजूंचे मध्य, तिन्ही शिरोलंबांचे पाय, आणि शिरोबिंदूंपासून शिरोलंब संपातापर्यंतच्या रेषाखंडांचे मध्य, असे नऊ बिंदू एका वर्तुळावर येतात. त्या नवबिंदू वर्तुळाची त्रिज्या परिवर्तुळाच्या निम्मी, आणि केंद्र ऑयलर रेषेवर, परिकेंद्र आणि शिरोलंब संपात यांच्या मधोमध. १८२२ साली कार्ल फॉयरबाखने दाखवून दिलं की हे वर्तुळ अंतर्वर्तुळाला आतून स्पर्श करतं. आकृतीत तो स्पर्श दिसतच नाही म्हणा. दोन वर्तुळं एकमेकांना इतकी चिकटून जातात की पेन्सिलीची एकच जाड रेघ उमटते.

चार केंद्रांवर माणसं थांबली नाहीत हे सांगायला नकोच. फर्माने टॉरिचेल्लीला घातलेलं कोडं प्रसिद्ध आहे: तिन्ही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी होईल असा बिंदू शोध. प्रत्येक बाजूवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण उभा करायचा, त्याचं टोक समोरच्या शिरोबिंदूशी जोडायचं, तीन रेषा पुन्हा एका बिंदूत; कुठलाही कोन १२० अंशांपर्यंत न पोचणारा त्रिकोण असेल तर उत्तर तेच. क्लार्क किंबरलिंग या अमेरिकन गणितज्ञाने अशा केंद्रांचा एक कोश सुरू केला. त्यात अंतर्मध्याचा क्रमांक १, मध्यगा संपाताचा २, परिकेंद्राचा ३, शिरोलंब संपाताचा ४, नवबिंदू वर्तुळाच्या केंद्राचा ५, आणि फर्माच्या बिंदूचा १३. आज ही यादी पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे. खरं सांगायचं तर पहिल्या वीस-पंचवीसांपलीकडे माझा जीव रमत नाही. पुढचे बहुतेक बिंदू संगणकाने शोधलेले वाटतात आणि त्यांना चेहरा नसतो. अपवाद क्रमांक ३५६ चा, त्याच्याकडे येईनच.

त्रिकोणावरून केंद्रं काढून कंटाळा आला की उलट्या दिशेने खेळायचं. केंद्रं दिलेली आहेत, त्रिकोण पुसला गेलाय, तो परत काढा. समजा शिरोबिंदू अ, परिकेंद्र आणि मध्यगा संपात एवढंच कागदावर आहे. परिकेंद्रावर कंपास रोवून अ मधून वर्तुळ काढलं की परिवर्तुळ हाती आलं. अ पासून मध्यगा संपातापर्यंतची रेषा त्याच दिशेने निम्म्याने पुढे वाढवली की समोरच्या बाजूचा मध्य सापडला, कारण मध्यगा संपात मध्यगेला दोनास एक विभागतो. आता तो मध्य परिकेंद्राशी जोडा आणि मध्यातून त्या रेषेला लंब काढा. लंब वर्तुळाला जिथे कापेल तिथे ब आणि क.

याहून सुंदर म्हणजे अ, परिकेंद्र आणि अंतर्मध्य दिलेले असताना. परिवर्तुळ आधीसारखंच. अ मधून अंतर्मध्याकडे जाणारी रेषा पुढे वाढवली की ती वर्तुळाला पुन्हा एका बिंदूत भेटते, त्याला ड म्हणू. ड हा समोरच्या कंसाचा मध्य, आणि त्याची खासियत अशी की तो ब, क आणि अंतर्मध्य या तिघांपासून सारखा दूर असतो. म्हणून ड वर कंपास रोवायचा, अंतर्मध्यापर्यंत उघडायचा, फिरवायचा. वर्तुळावर दोन ठिकाणी खूण पडते, आणि त्रिकोण परत येतो. दोन वर्तुळं आणि एक रेषा, संपलं. ही रचना पहिल्यांदा जमली तेव्हा मी ती लगेच दुसऱ्या त्रिकोणावर करून पाहिली, केवळ विश्वास बसेना म्हणून.

विल्यम वर्निकने १९८२ मध्ये अशा कोड्यांची पद्धतशीर यादी केली: शिरोबिंदू, बाजूंचे मध्य, शिरोलंबांचे पाय, कोनदुभाजकांचे पाय आणि चार केंद्रं, यांतले कुठलेही तीन बिंदू द्यायचे आणि त्रिकोण मागायचा. एकमेकांपासून खरोखर वेगळी अशी १३९ कोडी निघाली. त्यांतली काही पाच मिनिटांत सुटतात, काही महिनाभर छळतात, आणि काही कंपास-पट्टीने सुटतच नाहीत. न सुटणाऱ्यांत एक आहे ते ऑयलरचं जुनं कोडं: परिकेंद्र, शिरोलंब संपात आणि अंतर्मध्य द्या, एकही शिरोबिंदू देऊ नका. ऑयलरची रेषा मुळात आली तीच या कोड्याच्या निबंधात, १७६७ साली छापून. पण ते का सुटत नाही हे समजायला आधी सुसम बहुभुजांकडे जावं लागतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे.

समभुज त्रिकोण, चौरस, षट्कोन यांच्यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. षट्कोनाला तर कंपासचं तोंडही बदलावं लागत नाही, त्रिज्या सहा वेळा ठेवत गेलं की फेरी पुरी. खरी मजा पंचकोनात आहे. टॉलेमीने दिलेली रीत मला सर्वांत आवडते. वर्तुळाचा आडवा व्यास काढायचा आणि केंद्रातून वर उभी त्रिज्या. उजव्या बाजूच्या त्रिज्येचा मध्य घ्यायचा, तिथे कंपास रोवून उभ्या त्रिज्येच्या टोकापर्यंत उघडायचा आणि कंस खाली व्यासावर आणायचा. कंस जिथे टेकतो तिथपासून उभ्या त्रिज्येच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. आणि केंद्रापासून तिथपर्यंतचं अंतर, ती दशकोनाची बाजू. एकाच कंसात दोन बहुभुज. कारण उघड आहे: निम्मी त्रिज्या आणि पूर्ण त्रिज्या यांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजे ५ चं वर्गमूळ भागिले २, आणि पंचकोनाच्या सगळ्या मापांत हेच वर्गमूळ लपलेलं असतं.

त्रिकोण आणि पंचकोन एकाच वर्तुळात एकाच बिंदूपासून काढले की पंधरा बाजू मिळतात, कारण एक तृतीयांशातून एक पंचमांश वजा केला तर दोन पंधरांश उरतात. तो कंस दुभागला की झालं. युक्लिडच्या चौथ्या खंडाचा शेवट याच रचनेने होतो. कोन दुभागत गेलं की ३०, ६०, १२० बाजू. १२० बाजूंचा केंद्रीय कोन ३ अंश. इथे कोनमापकाकडे एक नजर टाकावी. त्यावरच्या पूर्ण अंशांच्या खुणांपैकी फक्त तिसरी, सहावी, नववी, बारावी अशा तिसऱ्या-तिसऱ्या खुणाच कंपास-पट्टीने गाठता येतात. १ अंश येत नाही, २ येत नाही, २० येत नाही. ज्या ३६० वर सगळं जग कोन मोजतं, तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज या नियमांत काढता येत नाही. मला यात एक प्रकारचा खट्याळपणा दिसतो, कुणाचा ते सांगता यायचं नाही.

मग सात? सहा झाले, आठ झाले, मधला सात का नाही? युक्लिडकडे नाही. आर्किमिडीजच्या नावावर सप्तकोनाची एक रचना आहे, पण त्यात एक पट्टी योग्य जागा सापडेपर्यंत फिरवावी लागते, आणि ते नियमात बसत नाही. युक्लिडनंतर दोन हजार वर्षं ही यादी जिथल्या तिथे राहिली: ३, ४, ५, १५, आणि यांच्या दुपटी.

३० मार्च १७९६ रोजी गाउसने आपल्या रोजनिशीत पहिली नोंद केली. वय वर्षं अठरा, एकोणिसावं पुरं व्हायला एक महिना बाकी. नोंद होती वर्तुळाचे १७ समान भाग करण्याची. सात नाही, नऊ नाही, एकदम सतरा. भाषाशास्त्राकडे जावं की गणिताकडे हा त्याचा घोळ यानंतर मिटला म्हणतात. तो विचार इतका वेगळा आहे की थोडा जवळून पाहू.

वर्तुळावर १७ बिंदू आहेत, शून्यापासून सोळापर्यंत, शून्य अगदी उजव्या टोकाला. शून्य बाजूला ठेवू. १ पासून सुरुवात करून दर वेळी ३ ने गुणायचं आणि १७ ने भागून बाकी घ्यायची. क्रम येतो: १, ३, ९, १०, १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७, ४, १२, २, ६. सोळाही बिंदू एकदा-एकदा आले, फक्त वर्तुळावरच्या शेजाऱ्यांची ताटातूट झाली. आता या नव्या रांगेतला एक सोडून एक उचलायचा. एका गटात १, ९, १३, १५, १६, ८, ४, २. दुसऱ्यात उरलेले आठ. वर्तुळाची त्रिज्या १ धरून प्रत्येक गटातल्या बिंदूंची उभ्या व्यासापासूनची डावी-उजवी अंतरं मिळवली, उजवी अधिक आणि डावी उणे, तर दोन संख्या मिळतात. त्यांची बेरीज उणे १ आणि गुणाकार उणे ४. बेरीज आणि गुणाकार माहीत असलेल्या दोन संख्या म्हणजे साधं वर्गसमीकरण, आणि त्यात निघतं १७ चं वर्गमूळ. एकास चार अशा आयताचा कर्ण काढला की ते कागदावर हजर. मग आठांच्या गटाचे चार-चार करायचे, चारांचे दोन-दोन, दर वेळी एक वर्गसमीकरण. शेवटी १ आणि १६ ही जोडी सुटी होते आणि पहिली बाजू हातात येते.

सगळी गंमत सोळा सारखे दुभागत जातात यात आहे. कंपास-पट्टीचं मर्म हेच. दोन रेषांचा छेद शोधायला बेरीज-वजाबाकी-भागाकार पुरतात. रेषा आणि वर्तुळ, किंवा दोन वर्तुळं, यांच्या छेदासाठी फार तर एक वर्गमूळ. म्हणून कितीही पायऱ्या चढलात तरी प्रत्येक पायरीवर वर्गमूळच मिळणार. वर्गमुळाचं वर्गमूळ, त्यात आणखी वर्गमूळ, पण घनमूळ कधीच नाही. सातात एक वजा केला की सहा. सहा दुभागले की तीन आणि तीन, आणि तिथे गाडं रुततं. सप्तकोनाच्या केंद्रीय कोनाच्या कोसाइनची दुप्पट एका घनसमीकरणाचं उत्तर आहे: घन, अधिक वर्ग, वजा दुप्पट, वजा एक, बरोबर शून्य. त्याला परिमेय उत्तर नाही, म्हणून ते फोडून वर्गसमीकरणावर आणता येत नाही. नऊचंही तेच, कारण त्यासाठी १२० अंशांचे तीन समान भाग लागतात.

गाउसने १८०१ मध्ये पूर्ण नियम मांडला. बाजूंची संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ यांसारख्या, म्हणजे दोनच्या घातापेक्षा एकने मोठ्या असलेल्या मूळ संख्यांचा गुणाकार हवी, प्रत्येक फार तर एकदाच. मग हव्या तितक्या दुपटी. बाकीचे बहुभुज अशक्य आहेत असंही त्याने ठणकावलं, पण सिद्धता छापली नाही. ती १८३७ मध्ये पिएर वांत्झेलने दिली, आणि त्याच सपाट्यात कोनाचं त्रिभाजनही सर्वसाधारणपणे अशक्य ठरवलं. दोन हजार वर्षांच्या प्रश्नांना उत्तर देणारा हा माणूस १८४८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या सिद्धतेकडे पुढे किती तरी दशकं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गाउसच्या सतरा बाजूंवर लोक भरभरून लिहितात. वांत्झेलबद्दल एक परिच्छेद वाचायला मिळाला तरी भाग्य. शक्य आहे म्हणणाऱ्याच्या वाट्याला नेहमीच जास्त टाळ्या येतात.

योहान गुस्टाफ हेर्मेस नावाच्या गृहस्थांनी ६५,५३७ बाजूंच्या रचनेवर दहा वर्षं घालवली. १८९४ मध्ये पूर्ण झालेलं ते बाड ग्योटिंगेनला आहे. एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तरी त्या बहुभुजाची बाजू मिलिमीटरच्या एक दशांशाहून कमी, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेपेक्षा बारीक. काढला काय, न काढला काय, वर्तुळच दिसणार. पण तो तत्त्वतः काढता येतो, आणि सप्तकोन येत नाही.

कामापुरता सप्तकोन हवा असेल तर ड्यूररने १५२५ मध्ये दिलेली रीत आहे: वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूचं निम्मं घ्या आणि सात वेळा ठेवत जा. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ते अंतर ८६.६ मिलिमीटर येतं. खरी बाजू असते जवळजवळ ८६.८. एका बाजूला फरक कळतही नाही. सात वेळा ठेवून परत सुरुवातीला आलं की शेवटच्या खुणेत आणि पहिल्या बिंदूत सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त फट राहते. सुताराला ती चालेल. मी ती फट भिंगातून पाहिली आहे, आणि तिला हाताच्या थरथरीचा दोष देता येत नाही हे माहीत असल्यामुळे ती जरा जास्तच रुंद दिसते.

आता त्रिकोणाकडे परत. १८९९ मध्ये फ्रँक मॉर्लीला आढळलं की कुठल्याही त्रिकोणाच्या प्रत्येक कोनाचे तीन समान भाग केले, आणि प्रत्येक बाजूलगतचे दोन त्रिभाजक एकमेकांना भेटवले, तर मिळणारे तीन बिंदू नेहमी समभुज त्रिकोण बनवतात. मूळ त्रिकोण कसाही वेडावाकडा असो. या छोट्या समभुज त्रिकोणाचं केंद्र, तेच ते क्रमांक ३५६. सर्वसाधारण त्रिकोणात ते कंपासने काढता येत नाही, कारण मधे त्रिभाजन बसलंय. युक्लिडीय भूमितीतलं इतकं मोठं सौंदर्य विसावं शतक उंबरठ्यावर येईपर्यंत कुणाला दिसलं नाही. माझा अंदाज असा की लोक जे काढू शकत होते तेच बघत होते.

आणि ऑयलरचं कोडं. परिकेंद्र, शिरोलंब संपात, अंतर्मध्य: तीन ठिपके. सुरुवात झकास होते. पहिल्या दोघांचा मध्य म्हणजे नवबिंदू वर्तुळाचं केंद्र. फॉयरबाखचा स्पर्श वापरला तर त्या केंद्रापासून अंतर्मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे परित्रिज्येचं निम्मं वजा अंतर्त्रिज्या. दुसरीकडे ऑयलरचंच सूत्र आहे की परिकेंद्र ते अंतर्मध्य या अंतराचा वर्ग म्हणजे परित्रिज्या गुणिले, परित्रिज्या वजा दोन अंतर्त्रिज्या. दोन्ही जुळवली की परित्रिज्या मिळते, मग अंतर्त्रिज्याही, आणि सगळं साध्या प्रमाणांच्या रचनेने. परिवर्तुळ काढलं. अंतर्वर्तुळ काढलं. दोन्ही वर्तुळं कागदावर नेमकी उभी आहेत, त्रिकोण त्यांच्या मधे कुठेतरी असलाच पाहिजे, आणि तो हाती लागत नाही. तिन्ही कोनांच्या कोसाइनची बेरीज कळते, गुणाकार कळतो, दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज कळते. म्हणजे तीन संख्या एका घनसमीकरणाची उत्तरं म्हणून समोर येतात. तीन. तिघांत भेद करायला कंपासकडे काही साधनच नाही, अ, ब आणि क त्याला सारखेच. मघाशी अ दिला होता तेव्हा उरले होते दोन, आणि दोनांना वेगळं करणं कंपासला जमतं. लंब वर्तुळाला दोन ठिकाणी कापतो, संपलं.

तरीही त्रिकोण मिळवता येतो, नियम थोडा मोडला तर. मोठ्या वर्तुळावर कुठलाही बिंदू घ्या, त्यातून छोट्या वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा, त्या मोठ्या वर्तुळाला जिथे भेटतील ते दोन बिंदू जोडा. तिसरी बाजूही छोट्या वर्तुळाला आपसूक स्पर्श करते. पाँसलेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयाचा हा सगळ्यात साधा प्रकार. म्हणजे या दोन वर्तुळांत बसणारे त्रिकोण अनंत आहेत. सुरुवातीचा बिंदू सरकवला की त्रिकोण आकार बदलत फिरतो आणि त्याचा शिरोलंब संपात एका तिसऱ्या वर्तुळावर चालत राहतो. त्या वर्तुळावर आपला दिलेला ठिपका आहेच. बिंदू सरकवत राहायचा, संपात ठिपक्यावर आला की थांबायचं. आर्किमिडीजची फिरणारी पट्टी हेच करत होती.

कागद दुमडतानाही आपण असंच सरकवत असतो. दोन बिंदू एकाच घडीत दोन दिलेल्या रेषांवर आणायचे, दोन्ही बसेपर्यंत कागद हलवायचा, मग बोटाने घडी दाबायची. मार्गेरिता बेलॉकने १९३६ मध्ये दाखवलं की या एका घडीने घनसमीकरण सुटतं. म्हणजे सप्तकोन आला, नवकोन आला, २० अंश आला, मॉर्लीचा त्रिकोण आला, ऑयलरचा पुसलेला त्रिकोणही आला. तेरा बाजू येतात, एकोणीस येतात. अकरा मात्र एका वेळी एकच घडी घालून तिथेही येत नाहीत: अकरातून एक वजा केला की दहा, आणि दहा दुभागले की पाच.